नानांना ऊन लागलं आणि आम्ही गोधडी पांघरली: ताप आणि उष्माघात, मेंदूत नेमकं काय होतं?

तापीकाठ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून आता लिहूनच टाकते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आले होते, चोपडा तालुक्यात. नाना म्हणजे माझे चुलते, वय बासष्ट. सकाळपासून मळ्यात. ठिबकची सबमेन फुटली होती आणि केळी निसवणीवर आलेली, म्हणजे घड बाहेर पडत होते. अशा वेळी पाण्याचा एक दिवस चुकला तरी घड बारीक पडतो, म्हणून भर दुपारी ते वाकून पाइप जोडत बसले. साडेबाराच्या सुमारास सालदाराच्या कानावर आलं की नाना सर्जाला हाका मारतायत. सर्जा बैल विकून आम्हाला सहा वर्षं झाली होती. मग ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "माले थंडी वाजी राहिनी."

अंगाला हात लावला तर तवा. शर्ट घामाने चिंब. सगळ्यांना वाटलं ताप भरला. शेडमध्ये खाटेवर निजवलं, गोधडी पांघरली, कुणीतरी तापाची गोळी दिली. पाऊण तास असाच गेला. मी पोचले तेव्हा ते मला ओळखत नव्हते.

नाना वाचले. पण भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडाशी नेताना हात असा थरथरतो की निम्मं कालवण मांडीवर सांडतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. शरीराचं तापमान हा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या खाटेशी उभी राहिले तेव्हा कळलं की ताप आणि ऊन लागणं यांतला फरक आपल्या घराघरात कुणी सांगितलेलाच नाही. माझ्याच घरात मी तो सांगितला नव्हता.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागच्या बाजूला, बदामाएवढा एक भाग असतो. हायपोथॅलॅमस, पुस्तकात अधश्चेतक. त्याच्या पुढच्या टोकाला काही चेतापेशी अशा आहेत की त्यांच्याजवळून जाणारं रक्त जरा तापलं की त्या जास्त वेगाने संदेश सोडतात. रक्ताचं तापमान तिथल्या तिथे कळतं. त्याशिवाय कातडीतूनही बातमी येतच असते. सावलीतून उन्हात पाऊल टाकलं की रक्त तापायच्या आधीच मेंदूला वर्दी पोचलेली असते.

मग तो दोन कामं काढतो. एक, कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. एरवी कातडीतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं, कडक उन्हात ते ६ ते ८ लिटरपर्यंत जातं. एवढं रक्त बाहेरच्या अंगाला वळवायचं म्हणजे हृदयाला दुप्पट राबावं लागतं. उन्हात उभ्या उभ्या चक्कर येते ती त्यामुळेच. दुसरं काम घामाचं. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत.

घामाचा हिशेब मी वर्गात माठावरून सांगते. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ७० किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने (इथले सगळे अंश सेल्सिअसचे) उतरवायला साधारण ५८ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे नुसता १०० मिलिलिटर घाम, अर्धा पेला, अंगावरच सुकला तर एक अंश वाचतो. कपाळावरून टपकून मातीत पडलेला घाम मात्र काही कामाचा नाही.

आता आमची चूक कुठे झाली ते. जंतूंमुळे ताप येतो तेव्हा पांढऱ्या पेशींकडून निरोप जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांपाशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसचा काटाच वर सरकवतं. मेंदूला वाटतं, अंग ३९ असायला हवं. अंग तर ३७ वरच आहे. म्हणून हुडहुडी भरते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, माणूस गोधडी मागतो. तापाच्या गोळीतलं पॅरासिटामॉल ते रसायन बनू देत नाही, काटा खाली येतो आणि मग दरदरून घाम सुटतो.

ऊन लागलेल्या माणसाचा काटा हललेला नसतो. त्याचा मेंदू उष्णता बाहेर टाकायला जिवाच्या आकांताने धडपडत असतो, पण आत तयार होणारी आणि वरून येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त पडते. इथे थांबवायला प्रोस्टाग्लँडिन नाहीच. त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, उलट उष्णतेने आधीच पोळलेल्या यकृतावर आणखी ओझं. आणि गोधडी म्हणजे घाम सुकायची होती नव्हती ती वाट बंद.

आतलं तापमान ४० च्या पुढे आणि सोबत बोलणं-वागणं बिघडलेलं, याला उष्माघात म्हणतात. जो मेंदू हे सगळं सांभाळतो तोच आता भाजत असतो. म्हणून त्या माणसाला 'बरं वाटतंय का' विचारून भागत नाही. नानांना तीनदा विचारलं होतं. तीनही वेळा त्यांनी "काही नाही रे" म्हटलं होतं.

कांदेबाग

ताई, अंगावर काटा आला वाचताना. आमच्याकडेही केळी आहे, पट्टा वेगळा. मजूर घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेतात ते मेच्या उन्हात. एक शंका. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की ऊन लागलं की घाम बंद होतो, अंग कोरडं पडतं. नानांचा शर्ट तर चिंब होता. मग ते ऊन लागणं कसं?

तापीकाठ

भाऊ, हाच घोटाळा जीव घेतो. दोन प्रकार आहेत. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस उकडून निघाल्यावर जो उष्माघात होतो, त्यात कातडी बहुतेक कोरडी असते. कष्ट करताना होतो तो तासा-दोन तासांत होतो आणि त्यात माणूस घामाने निथळत असतो. राबणारे स्नायू स्वतःच भट्टी असतात. नुसतं पडून राहिलं तरी शरीर तासाला ७० ते ८० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. जड कामात ती चार-पाच पट होते. वरच्या हिशेबाने बघा, बाहेर जायला वाट मिळाली नाही तर तासाभरात अंग कुठल्या कुठे जाईल.

तेव्हा घामाकडे बघत बसू नका. माणूस असंबद्ध बोलतोय का, चिडतोय का, पाय लटपटतायत का, ते बघा. थंडी वाजणं, अंगावर शहारे येणं हेसुद्धा उष्णतेने थकल्याचं लक्षण असतं. आम्ही नेमकं त्यालाच ताप समजलो.

भुसावळ_जंक्शन

वाचनखूण साठवली.

आमच्या भुसावळात ४५ म्हणजे बातमी नव्हे. घरी डेझर्ट कूलर आहे, वाळ्याच्या ताट्या लावतो, मेच्या दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटतं. तोच कूलर ठाण्याला बहिणीकडे नेला तर नुसतं चिकचिक. घामाचंही असंच का?

तापीकाठ

अगदी तेच. कूलर काय, माठ काय, माणूस काय, तिघांचं गणित बाष्पीभवनाचं. आपल्याकडची मेची हवा खडखडीत कोरडी, म्हणून घाम आला न आला तोच उडतो. शर्टावर नुसते मिठाचे पांढरे चट्टे दिसतात. कोकणात ३४ ला जीव नकोसा होतो कारण हवाच पाण्याने भरलेली असते.

पण आपल्या कोरड्या उन्हात एक धोका लपलेला आहे. घाम दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाहीये. भारी कामात तासाला लिटरभर सहज जातो, काहींचा दीडच्या वर.

पंख्याबद्दलही सांगते. हवा ४० च्या वर गेली आणि अंग कोरडं असलं तर पंखा आपल्यावर गरम वारा ओततो, अंग आणखी तापतं. तोच पंखा ओल्या बनियनवर लावला तर जीव वाचवतो. धाब्याच्या घरात माझी आजी दुपारी ओलं धोतर आजोबांच्या अंगावर टाकायची. तिला हायपोथॅलॅमस ठाऊक नव्हता, पण हे पक्कं ठाऊक होतं.

सिस्टरताई

मी नर्स आहे, अकरा वर्षं. तापीकाठताई, तुमची मांडणी बरोबर आहे, माझ्याकडून दोन गोष्टी जोडते.

पहिली, थर्मामीटर काखेत लावून ३८.५ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो, आणि घामेजलेल्या, वारा लागलेल्या काखेत तर फारच फसवा. उष्माघाताची शंका असेल तर गुदद्वारातून मोजलेलं तापमान खरं.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. कपाशीवर, भाजीपाल्यावर औषध मारताना विषबाधा झालेले रुग्ण आम्ही बघतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने अंग घामाने डबडबतं, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. त्यावर आम्ही ॲट्रोपिन देतो. ॲट्रोपिन घर्मग्रंथींना मेंदूकडून येणारा संदेशच अडवतं. डोस वाढला की माणूस कोरडाठक्क, लालबुंद, गरम होतो आणि बडबडायला लागतो. मेंदू हुकूम सोडतोय, पण तो घर्मग्रंथीपर्यंत पोचतच नाही. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की हेच होतं, त्यातही ॲट्रोपिनच्या जातीची द्रव्यं असतात.

मानसिक आजारावरच्या आणि ॲलर्जीवरच्या काही गोळ्याही थोड्याफार प्रमाणात घाम कमी करतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी काढून टाकतात. घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.

मिरचीपथारी

नंदुरबारहून. आमच्या इथे हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पडतात, नजर जाईल तिथवर लाल. त्यावर काम करणाऱ्या बाया हात पोळतात म्हणून रात्री पाण्यात बुडवून बसतात. मिरची खाल्ली की घाम येतो, हात लावला की आग होते, पण हात खरंच तापलेले नसतात. याचा मेंदूशी काही संबंध आहे का?

तापीकाठ

तुमच्या प्रश्नामागे एक नोबेल आहे! कातडीतल्या आणि जिभेवरच्या चेतातंतूंच्या टोकाला एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंशांच्या वर ते उघडतं आणि 'पोळतंय' असा निरोप पाठवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच प्रथिन उघडतं, तापमान न वाढताही. मेंदूकडे पोचणारा निरोप तोच, म्हणून मेंदू उत्तरही तेच देतो. चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. शेवभाजीच्या दुसऱ्या वाटीला रुमाल काढावा लागतो तो याच पायी. पुदिन्यातल्या मेंथॉलने गार वाटतं, तिथे टीआरपीएम-८ हे दुसरं प्रथिन काम करतं. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीच्या वाटेने हा शोध लावला. त्यांना आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

बायांना एक सांगा, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी हाताला तेल चोळायचं, मग साबणाने धुवायचं. नुसत्या पाण्यात बुडवून तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

बोरीकाठ

ताई, लेख उत्तम. एका जागी मात्र थोडी भर घालावीशी वाटते. 'काटा' ही उपमा समजायला सोपी आहे, पण मेंदूत एक आकडा कोरून ठेवलेला आणि त्याच्याशी तुलना करणारी एकच चकती, असं काही सापडलेलं नाही. अलीकडचे बरेच अभ्यासक म्हणतात की घामाची वाट वेगळी, रक्तवाहिन्यांची वेगळी, हुडहुडीची वेगळी, आणि प्रत्येक आपापल्या उंबरठ्यावर सुरू होते. या सगळ्यांची ओढाताण जिथे तोलली जाते तिथे आपलं ३७ पडतं. आणि ते ३७ तरी कुठे ठाम आहे? पहाटे चार-पाचला सर्वांत खाली, दुपार उलटल्यावर सर्वांत वर. कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली हजारो रुग्णांची काखेतली तापमानं मांडून ३७ हा आकडा रूढ केला, त्यांनीही ही दिवसभराची चढउतार नोंदवली होती.

आणि या सगळ्या वाटांत सर्वांत ताकदीची वाट माणसाचं वागणं आहे. सावली शोधणं, काम थांबवणं, डोक्याला उपरणं गुंडाळणं. घामाला मर्यादा आहे, झाडाखाली जाऊन बसण्याला नाही. बैलसुद्धा स्वतःहून निंबाखाली जाऊन उभा राहतो.

तापीकाठ

बोरीकाठ, मान्य. वर्गात मीही 'काटा' म्हणते आणि बारावीच्या हुशार पोरांना नंतर हेच सांगते. तापाचा फरक समजायला ती उपमा पुरते, म्हणून ठेवली.

तुमचा शेवटचा मुद्दा मला फार लागला. नानांना सावलीत जावंसं वाटलंच असणार. पण केळी निसवलेली होती आणि पाइप फुटलेला होता. मजुराचं तर त्याहून अवघड, तो उक्तं काम घेतो, बसला की पैसे बुडाले. मेंदू सांगतो ते ऐकायची मुभा प्रत्येकाला नसते.

भुसावळ_जंक्शन

मग आपल्या लोकांना उन्हाची सवय असते म्हणतात ते खरं की खोटं? पुण्याचे पाहुणे आखाजीला येतात, दोन दिवसांत आडवे होतात.

तापीकाठ

खरं आहे, त्याला मुदत आहे. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की एक ते दोन आठवड्यांत अंग बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण शरीर मीठ धरून ठेवायला शिकतं. पण दोन-तीन आठवडे सावलीत काढले की ही सवय बरीचशी ओसरते. म्हणून मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या कडक लाटेत आपली माणसंही सापडतात. नवीन मजूर आला तर पहिला आठवडा त्याला निम्मंच काम द्यावं.

आणि सवयीलाही छत आहे. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे इंग्रज डॉक्टर १७७५ च्या सुमारास मित्रांसोबत १०० अंशांच्याही वर तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले होते. सोबत नेलेलं मांस शिजलं, माणसं धडधाकट बाहेर आली. हवा कोरडी होती, घाम सुकत होता, आणि मुख्य म्हणजे ते लवकर बाहेर पडले. हवेत ओल वाढली तर त्याच्या कितीतरी खाली माणूस हरतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटरच ३५ दाखवू लागला, तर सावलीत स्वस्थ बसलेला तगडा माणूसही काही तासांच्या वर टिकत नाही. काम करणाऱ्याची मर्यादा त्याच्याही बरीच अलीकडे.

कांदेबाग

आता मुख्य सांगा. समजा उद्या माझ्या मळ्यात कुणी असं बडबडायला लागला, तर मी नेमकं काय करू? म्हातारी माणसं म्हणतात, एकदम गार पाणी टाकू नका, झटका बसतो. खिशात कांदा ठेवा म्हणतात.

सिस्टरताई

हे मी सांगते.

१०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. आधी अंग गार करा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, काढता येतील तेवढे काढा. काम करणारा तरुण, धडधाकट माणूस असेल आणि जवळ हौद असेल तर मानेपर्यंत हौदात बसवा, डोकं धरून ठेवायला दोन माणसं हवीत. हौद नसेल तर मोटारीच्या पाण्याचा पाइप सरळ अंगावर सोडा. गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात हे खरं, तरीही अंग त्यानेच सर्वांत लवकर उतरतं. म्हातारं किंवा हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल तर ओलं फडकं आणि जोराचा वारा, फडकं सुकू द्यायचं नाही. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघ. अर्ध्या तासाच्या आत आतलं तापमान ३९ च्या खाली आणायचं.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस, काहीही घालू नका. श्वासनलिकेत जातं. कुशीवर निजवा.

शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला मात्र भरपूर पाजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताकही चांगलं. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणीच ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, त्यानेही माणूस बरळतो.

खिशातला कांदा मेंदूच्या या कामात काही करत नाही. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर कुणाला उन्हात पाठवू नका.

तापीकाठ

सिस्टरताई, हे सगळं त्या दिवशी शेडच्या भिंतीवर लिहिलेलं असतं तर! मी पोचल्यावर हौदातल्या पाण्याच्या बादल्या ओतल्या, १०८ बोलावली. आधीचा पाऊण तास मात्र गेला तो गेला.

मिरचीपथारी

लहान मुलांचं काय? माझी मुलगी सात महिन्यांची आहे.

सिस्टरताई

वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, म्हणून बाहेरची उष्णता पटकन आत जाते. घामाची यंत्रणाही अजून पक्की झालेली नसते, आणि तहान लागली तर सांगणार कसं? अंगावरचं दूध वारंवार द्या, झबलं सुती आणि एकच. उभ्या गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होऊ लागले तर दवाखाना गाठा. म्हाताऱ्यांनाही तहान कमी कळते, त्यांच्या हातात तांब्या आपण द्यायचा.

बोरीकाठ

नानांच्या हाताबद्दल विचारू का? तो मेंदूचा कुठला भाग?

तापीकाठ

लहान मेंदू. डोक्याच्या मागच्या बाजूचा, हालचालींचा तोल सांभाळणारा. त्यातल्या पर्किंजे नावाच्या पेशी उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतात. म्हणून उष्माघातातून वाचलेल्या काहींची चाल झोकांड्या खाते, बोलणं अडखळतं, वस्तू उचलताना हात नेम चुकतो. हायपोथॅलॅमस सावरला, नानांना आता घाम नीट येतो, तहान लागते. लहान मेंदूचं नुकसान तेवढं राहिलं.

फिजिओथेरपी चालू आहे. सहा महिने ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत टाकायचे, एक एक करून. सुरुवातीला निम्मे जमिनीवर सांडायचे, नातू गोळा करून परत वाटीत टाकायचा. आता वीसातले तीन-चार सांडतात.

कांदेबाग

मळ्यात काही बदल केला का?

तापीकाठ

हो. मार्चपासून जूनपर्यंत काम पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि साडेदहाला थांबतं, उरलेलं साडेचारनंतर. उक्त्या कामावर दुपारच्या सुट्टीचे पैसे वेगळे देतो, नाहीतर कुणी थांबत नाही. कुणीही एकटं काम करायचं नाही, जोडीनेच. हौद रोज भरून ठेवतो. सिस्टरताईंनी लिहिलंय ते उद्या रंगाने शेडच्या भिंतीवर उतरवून घेणार आहे, मराठीत आणि अहिराणीत. सालदाराची पोरगी सातवीत आहे, अक्षर छान आहे तिचं, तिलाच सांगितलंय.

सिस्टरताई

भिंतीवर १०८ मोठ्या अक्षरात घाला. आणि गोधडीचं पहिल्या ओळीत.